चौदा नंबरचा ठिपका

१

नकाशावर टिटवी पोहोचली होती. दारात मात्र कुणीच नव्हतं.

बॅडमिंटनच्या बंदिस्त हॉलमध्ये शर्यतीचा तिसरा थांबा लावला होता. पंचबाई चहाचा कप हातात धरून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत उभ्या होत्या. हजार किलोमीटरची सायकल शर्यत, वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही, झोपायचं तर जागा मिळेल तिथे झोपायचं, असा सगळा मामला. प्रत्येक सायकलला साबणाच्या वडीएवढी एक डबी बांधलेली असायची. मोबाईलचं नेटवर्क मिळेल तिथून ती आपला ठावठिकाणा कळवायची, आणि पडद्यावर त्या नंबरचा ठिपका पुढे सरकायचा. चौदा नंबर टिटवीचा. तो रात्रभर एका लयीत पळाला होता, खिंड चढला होता, उतार उतरला होता आणि आता थेट हॉलवर येऊन बसला होता.

"मावशी, ठिपका आत आलाय आणि बाई बाहेरही नाही," कॉम्प्युटरवर बसलेली भाची म्हणाली. "न्हाणीघरात बघितलं, पार्किंगमध्ये बघितलं."

"कधीपासून दाखवतोय इथे?"

"वकीलसाहेब आले ना, जवळपास तेव्हापासून."

बावीस नंबरचे वकीलसाहेब तासाभरापूर्वी आले होते. रात्रभराच्या पावसाने बूट पचपचत होते, पण अंगात जाड जॅकेट होतं. बाह्या इतक्या लांब की शिक्का मारायला कार्ड पुढे करताना त्यांना त्या दुमडून घ्याव्या लागल्या होत्या. दारातूनच त्यांनी विचारलं होतं, "मीच पहिला ना?" आणि भाचीने हसून सांगितलं होतं, "पहिले तुम्हीच. पण तुमचा ठिपका कालपासून रुसलाय. मी आपलं 'पोहोचले' करून टाकते." मग जॅकेट खुर्चीवर टाकून वकीलसाहेब कोपऱ्यातल्या गादीवर जे आडवे झाले ते अजून घोरत होते.

पंचबाईंनी कप खाली ठेवला. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी केली होती. मोडलेल्या गाड्या आणि माणसांच्या हकिकती एकमेकींशी ताडून बघणं हेच त्यांचं काम. ही शर्यत त्यांनी स्वतःही पूर्ण केली होती, पुढे गुडघ्याने रजा घेतली म्हणून पंच झाल्या.

त्या भिंतीला टेकवलेल्या एकुलत्या एका सायकलपाशी गेल्या. हँडलला बावीस नंबर लिहिलेली छोटी कापडी पिशवी बांधली होती. पिशवीच्या दोरीची गाठ नखांनी सोडवायला बराच वेळ गेला. आतली डबी काढून त्यांनी भाचीला दिली.

भाचीने डबीच्या पाठीवरचा बारीक क्रमांक कॉम्प्युटरशी ताडून पाहिला आणि तिचा आवाज उतरला.

"मावशी, ही टिटवीची डबी आहे."

२

म्हणजे रात्रभर जो पळत होता तो टिटवीचा ठिपका होता, टिटवी नव्हती.

तिचा मोबाईल बंद लागत होता. त्यात नवल नव्हतं, बॅटरी वाचवायला सगळेच बंद ठेवतात. बाहेर झोंबरा वारा सुटला होता. अशा थंडीत भिजलेलं माणूस कुठे पडून राहिलं तर काय होतं हे पंचबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पोलिसांना फोन लावला. पोलीस भले होते. ठिपका खिंडीवरून पुढे आला होता, म्हणजे डबी त्यानंतरच तिच्यापासून सुटली असणार असं धरून खिंडीपासून हॉलपर्यंतचा उतार आणि बाजूची दरी बघायला माणसं पाठवतो म्हणाले.

वकिलांना हलवून उठवलं. डबी दाखवल्यावर त्यांची झोप खाडकन उतरली.

"मला काही माहीत नाही, बाई. दुसऱ्या थांब्यावर सगळ्यांच्या डब्या मिस्त्रीने चार्जिंगला लावल्या होत्या. निघताना टेबलावर माझा नंबर लिहिलेली पिशवी होती, ती मी हँडलला अडकवली. आत कोणती डबी आहे हे कोण उघडून बघतं?"

"टिटवीला शेवटचं कुठे पाहिलंत?"

"तिथेच. मी निघालो तेव्हा ती टायर तपासत होती. म्हटलं, गाठेल मला खिंडीत."

बोलणं सरळ होतं. नजर मात्र एकदा खुर्चीवरच्या जॅकेटकडे जाऊन आली. पंचबाईंनी ते टिपलं. माणूस खोटं बोलत नसला तरी काहीतरी गिळून बोलतो, तेव्हा त्याची नजर अशी कशावर तरी अडखळते.

एवढ्यात हॉलचं दार धाडकन उघडलं. टिटवीचा थोरला भाऊ आत आला. शर्यतीच्या वर्तुळात सगळे त्याला दादाच म्हणत, कारण बहिणीच्या मागे गाडी घेऊन तो दरवर्षी हजर असायचा. उंचापुरा माणूस, पण अंगात नुसता भिजका शर्ट आणि ओठ निळे पडलेले.

"कुठाय ती? ठिपका इथे दाखवतोय."

दादाने भाचीच्या हातातली डबी बघितली, बावीस नंबरची रिकामी पिशवी बघितली, मग वकिलांकडे वळून त्यांची गचांडीच धरली.

"तीन वर्षं तिच्या मागे दुसरे येताय तुम्ही. काय केलंत तिचं?"

३

"दादा, हात काढा," पंचबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण दादाचा हात सैल झाला. "आधी हे अंगात घाला. गारठून पडलात तर दोन माणसं शोधावी लागतील मला."

त्यांनी खुर्चीवरचं जॅकेट उचलून दादाच्या हातात दिलं. वकिलांचा हात त्या जॅकेटकडे गेला आणि मागे आला. दादाने भान नसल्यासारखं ते अंगावर चढवलं. बाह्या बरोबर मनगटाशी येऊन थांबल्या. सवयीने त्याचा हात आतल्या खिशात गेला, चष्म्याचं घर बाहेर आलं आणि त्याने चष्मा नाकावरही ठेवला. मग तो जागच्या जागी थिजला.

"रात्रभर मी हा चष्मा शोधतोय. डोळे बारीक करकरून ठिपका बघत होतो."

"तुमचा चष्मा वकीलसाहेबांच्या जॅकेटमध्ये कसा आला?" पंचबाईंनी विचारलं. "की जॅकेटच तुमचं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी दादा बोलला.

"खिंडीत एक सायकलवाला भेटला. मी हमरस्त्याने गाडी घेऊन आधीच वर जाऊन थांबलो होतो. पाऊस धो धो. तोंडाला फडकं, डोक्यावर हेल्मेट, कोण ते कळलं नाही. कुडकुडत होता बिचारा. अंगातलं जॅकेट काढून दिलं आणि विचारलं, माझी बहीण दिसली का? म्हणाला, पुढे गेली. ठिपका पण तसाच पुढे सरकला. मग मी रात्रभर त्याच्या मागे, कधी पुढे, कधी मागे. वाटेत दिसायचा तो माझ्याच जॅकेटातला सायकलवाला, ती भेटेचना."

"आणि वकीलसाहेब, सकाळी तुम्ही दारातून मला विचारलंत, मीच पहिला ना. टिटवी पुढे गेलीय असं ज्याला वाटतं तो माणूस हा प्रश्न विचारत नाही. ती पुढे नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

वकिलांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"ठाऊक होतं. ती माझ्या मागे होती. दुसऱ्या थांब्यावर यांनी तिला दम दिला तो मी ऐकला होता. हे तिला गाडीत घालून घरी न्यायला आलेत हे मला खिंडीत दिसत होतं. तिला असं उचलून नेलं असतं तर पहिला मीच आलो असतो, पण तसलं पहिलं येऊन काय करायचंय? म्हणून थाप मारली. वाटलं, हे पुढे जातील आणि ती आरामात मागून येईल. जॅकेट घेतलं ते चुकलंच. नियम मोडला, म्हणून सकाळपासून गप्प होतो."

"म्हणजे तुम्ही खरं बोलला असतात," दादा हळूच म्हणाला, "तर मी मागे गेलो असतो."

वकिलांची मान खाली गेली.

४

पंचबाईंनी दुसऱ्या थांब्यावरच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री जरा तापलाच.

"बाई, माझ्या टेबलावर अदलाबदल होत नाही. डबी काढतो, चार्ज करतो, त्याच पिशवीत घालतो आणि दोरीला सुरगाठ मारतो. एक हिसका दिला की सुटली पाहिजे. थंडीत बोटं चालत नाहीत लोकांची."

"टेबल सोडून कुठे गेला होतात?"

"नाही. हां, एकदा. टिटवीताई म्हणाल्या मागच्या चाकातून आवाज येतोय, जरा चक्कर मारून बघा. मी गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आलो. चाक एकदम ठणठणीत होतं."

पंचबाईंनी फोन ठेवला आणि बावीस नंबरची पिशवी पुन्हा हातात घेतली. ही गाठ हिसक्याने सुटली नव्हती, नखं दुखली होती त्यांची. दोरीला पडलेल्या घड्या अजून तशाच होत्या. त्या घड्यांवरून त्यांनी गाठ परत जुळवली आणि दादापुढे धरली.

"अशी गाठ कोण मारतं?"

दादाने चष्मा नीट केला. "आधी दोन वेढे, मग वरून एक," तो म्हणाला. "टिटवीच. गुरांची डॉक्टर आहे ना ती. म्हशीला टाके घालते तेव्हा अशीच गाठ मारते, बुटाची नाडीही अशीच बांधते. सैल पडत नाही म्हणते." आणि मग एकेक शब्द तोडत म्हणाला, "म्हणजे तिनेच बदलली?"

"तिनेच. मिस्त्रीला चाकाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि आपली डबी वकीलसाहेबांच्या पिशवीत घातली, त्यांची आपल्या. आता तुम्ही सांगा, का?"

दादा खुर्चीवर बसला. उंच माणूस बसल्यावर एकदम लहान दिसायला लागला.

"गेल्या वर्षी सरावात पडली होती. ती शुद्धीवर येईपर्यंत मी दवाखान्याच्या बाकावर होतो. आई-बाप गेल्यापासून मीच वाढवली तिला. काल मी तिला म्हटलं, तुझा ठिपका जाईल तिथे मी येणार, आणि खिंडीत पाऊस लागला तर सायकलसकट गाडीत टाकणार. एरवी ती तोंडाला तोंड देते. काल नुसती हं म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"तिने तुम्हाला वकीलसाहेबांच्या मागे लावून दिलं," पंचबाई म्हणाल्या. "कुणी तिला पळवलं नाही, कुणी तिचा घातही केला नाही. पण आपण सगळे सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारतोय. टिटवीची डबी इथे कशी आली हे विचारतोय. वकीलसाहेबांची डबी कुठे आहे ते कुणीच विचारलं नाही."

५

पोहोचलेल्यांचे ठिपके पडद्यावरून काढून टाकायचे असा रिवाज, त्यामुळे वकील दारात येताच भाचीने बावीस नंबर पुसला होता. तो तिने पुन्हा आणला.

धरणाखालच्या खोऱ्याच्या तोंडाशी, खिंडीच्या कितीतरी मागे, एक फिकट ठिपका उभा होता. शेवटचा निरोप काल अंधारून येतानाचा.

"रात्री बघितला होता मी," भाची म्हणाली. "पण खोऱ्यात नेटवर्क नाही, तिथे डब्या नेहमीच गप्प होतात. आणि साहेब तर समोर येऊन उभे राहिले."

"तुझा दोष नाही. नीट बघ. खोऱ्यात गेलेली डबी खिंडीत वर आली की परत बोलायला लागते. ही बोललेली नाही."

"चार्जिंग संपलं असेल."

"मिस्त्रीने काल भरून दिलीय. आणि खोऱ्यातून बाहेर पडायला खिंडीशिवाय दुसरा रस्ता नाही. मागे फिरली असती तर खोऱ्याच्या तोंडाशी पुन्हा निरोप आला असता. म्हणजे टिटवी अजून खोऱ्यातच आहे. आणि पोलीस तिला डोंगराच्या या अंगाला शोधतायत."

पोलिसांना फोन करण्याचं काम भाचीवर सोपवून पंचबाई दादाच्या गाडीत बसल्या. मागचं दार उघडून वकीलही आत शिरले.

"तुमची शर्यत?" पंचबाईंनी विचारलं.

"जॅकेट घातलं तेव्हाच संपली ती. आणि खोऱ्यातला रस्ता तुमच्यापेक्षा मला ताजा पाठ आहे. दुसऱ्या पुलाजवळच्या वळणावर खडी वाहून आली होती. माझं चाक तिथे सरकलं होतं, थोडक्यात वाचलो. मी असतो तर आधी तिथे बघितलं असतं."

खिंड ओलांडून गाडी खोऱ्यात उतरली. रस्त्यावर फांद्या पडल्या होत्या, मोबाईलच्या रेघा एकेक करून गेल्या. दुसरा पूल आला. वळणावर खडीचा पट्टा, आणि खडीतून डांबराच्या कडेपर्यंत गेलेला लांब ओरखडा.

रस्त्याकडेच्या चारीत टिटवीची सायकल पडली होती. पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं. टिटवी नव्हती.

दादा चारीत उतरला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. "टिटवे," त्याने हाक मारली. समोरच्या डोंगरावरून तीच हाक परत आली.

६

पंचबाई सायकलपाशी वाकल्या. दुखऱ्या गुडघ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मोडलेल्या गाड्यांशी त्यांची जुनी ओळख होती. तुटलेली वस्तू आणि काढून घेतलेली वस्तू यातला फरक त्यांना बोटांनी कळायचा.

"दादा, उठा. हँडलवरचा दिवा बघा. तुटलेला नाही, खटका दाबून काढून घेतलाय. पाण्याची बाटली नाही. मागची ट्यूबची पिशवी उघडलीय आणि परत लावलीय. बेशुद्ध पडलेलं माणूस पिशवीची चेन लावत बसत नाही. ती उठली आणि दिवा घेऊन चालत गेली."

"कुठे?"

वकिलांनी बोट दाखवलं. रस्त्यापासून वर, झाडांमागे, धरणाच्या पाणीपुरवठ्याचं पंपघर होतं. पावसात रात्री तिथला एकच पिवळा दिवा रस्त्यावरून दिसतो, ते म्हणाले.

तिघे पायवाटेने वर गेले. मशीनची घरघर वाढत गेली. दार दादाने ढकललं.

आत ऊबदार होतं आणि तेलाचा वास होता. भिंतीलगतच्या बाकावर टिटवी घोंगडीत गुरफटून बसली होती. उजवा हात सायकलच्या ट्यूबने गळ्यात बांधलेला, गालावर खरचटलेलं, समोर चहाचा पेला. पंप चालवणारे म्हातारबाबा तिला पाव भिजवून भरवत होते.

"आले का तुमचे लोक?" बाबा म्हणाले. "मशीनपुढे मला ऐकू येत नाही. ही पोर दार वाजवून वाजवून दमली, शेवटी खिडकीवर दिवा मारला तेव्हा कळलं. इथला फोन वादळात गेला. पुढच्या पाळीचा माणूस आला की निरोप धाडणार होतो."

टिटवीने भावाकडे बघितलं. "दादा, ओरडायचं असेल तर डाव्या बाजूने ओरड. उजव्या बाजूचं हाड मोडलंय."

दादा ओरडला नाही. तो बाकाजवळ जमिनीवर बसला आणि तिच्या चिखलाने भरलेल्या बुटावर हात ठेवून नुसता बसून राहिला. पंचबाई मशीनच्या काट्यांकडे बघू लागल्या. वकील दारातच उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायच्या खटपटीत ते नव्हते.

"रात्रभर तुझा ठिपका बघत होतो मी," दादा म्हणाला. "म्हणत होतो, छान चाललीय पोरगी. आणि तू इथे."

टिटवीचा चेहरा बदलला. "चारीत पडले तेव्हा आधी वाटलं, येईलच दादा. मग आठवलं की तू येणार नाहीस. मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नाही, आणि ही सोय माझी मीच केलीय. तेव्हा जी घाबरले ना दादा, हाड मोडल्यावरही तेवढी घाबरले नव्हते."

"मी तुला गाडीत कोंबणार म्हटलं नसतं, तर तू केलं नसतंस."

"नसतं केलं. पण केलं ते केलं. डबी काढणार नाही परत कधी."

"आणि मी मागे येणार नाही."

"ये की. शेवटच्या थांब्यावर ये. पोहोचल्यावर कुणीतरी आपलं माणूस दिसलं तर बरं वाटतं. फक्त वाटेत नको."

दादाने मान हलवली. नाक पुसायला त्याने जॅकेटची बाही वर केली, ते बघून वकील पुढे आले आणि त्यांनी आपला रुमाल दिला.

"बाई, मला बाद केलंत ना?" त्यांनी पंचबाईंना विचारलं.

"केलं. नियम तो नियम. हिलाही केलं, डबी बदलली म्हणून. पहिला नंबर यंदा जो कुणी मागून येत असेल त्याचा. त्याला बिचाऱ्याला अजून पत्ताही नसेल."

टिटवी हसली आणि हसताना कळवळली.

बाबांनी घोंगडी परत घेतली नाही, दवाखान्यातून आल्यावर आणून द्या म्हणाले. तिघांनी मिळून टिटवीला रस्त्यावर उतरवलं. वाकलेली सायकल वकिलांनी टपावर चढवली. दादा चालकाच्या जागी बसला, त्याने किल्ली लावायला हात पुढे केला, आणि ती किल्ली काही केल्या भोकात जाईना. रात्रभर स्थिर असलेले त्याचे हात आता लटपटत होते.

"मागे बसा तिच्यापाशी," पंचबाई म्हणाल्या. "भीती गेल्यावरच हात कापतात. मी चालवते."

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या पुढ्यात रिकामा घाट आला होता, आणि मागे बसलेलं माणूस जिवंत होतं. खिंड चढून गाडी पलीकडच्या उताराला लागली. मोबाईलवर एकेक रेघ उमटली. वकिलांनी भाचीला फोन करून एवढंच सांगितलं, "सापडली, बोलतेय, हसतेय," आणि पलीकडे ती रडायला लागल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. ऊन पडलं होतं, ओला रस्ता चकाकत होता. पंचबाईंनी ब्रेकवरचा पाय जरासा उचलला आणि पहिलं वळण सायकलवर घेत तसं अंग कलतं करून झोकात घेतलं.

"हळू," मागून भाऊ आणि बहीण एकाच वेळी ओरडले.